तुलांबेनचं लिबर्टी जहाज नवशिक्यांनी कसं पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघांनी गेल्या डिसेंबरात गोव्यात ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला, लॉगबुकात प्रत्येकी 6 डायव्ह आहेत. आता ऑगस्टमध्ये 14 वर्षांच्या मुलाला घेऊन बालीला जायचं आहे. तिथे तुलांबेन गावाजवळ एक बुडालेलं जहाज आहे आणि ते नवशिक्यांनाही पाहता येतं असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने बजावलं, की अ‍ॅडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स केल्याशिवाय असल्या जहाजांच्या वाटेला जाऊ नका. खरं काय? आणि आत अडकलो तर काय?

जा, बिनधास्त जा. मी ऑक्टोबर ते मे कोकण किनाऱ्यावर शिकवतो. पावसाळ्यात आपला समुद्र खवळतो तेव्हा बालीत कोरडा हंगाम असतो, म्हणून काही वर्षं जून ते सप्टेंबर मी तुलांबेनला गाईडचं काम केलं. त्या एका जहाजावर मी किती वेळा उतरलो याचा हिशेब आता लॉगबुकातच बघावा लागेल. तिथे रोज एक वाक्य कानावर पडायचं: "उथळ आहे हो, सोपं आहे." पहिलं खरं आहे. दुसरं त्याच्यामागून आपोआप येतं असं लोक धरून चालतात, आणि माझ्या डोळ्यांसमोर ज्यांना त्रास झाला ते बहुतेक सगळे याच समजुतीने पाण्यात उतरलेले होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जहाजाचं नाव यूएसएटी लिबर्टी, यूएसएटी म्हणजे अमेरिकी लष्कराचं वाहतूक जहाज. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एकाच साच्यातली हजारो मालवाहू जहाजं बांधली, त्यांना लिबर्टी शिप म्हणत. हे त्यांतलंच एक असं तिथले काही गाईडही सांगतात, पण ते चूक आहे. हे जहाज 1918 साली न्यू जर्सीत बांधलेलं, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं. नाव तेवढं सारखं. लांबी सुमारे 125 मीटर. जानेवारी 1942 मध्ये ते ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे रबर आणि रेल्वेचं सामान घेऊन निघालं होतं. 11 तारखेला लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. अमेरिकेची पॉल जोन्स आणि डचांची व्हॅन गेंट या दोन विनाशिकांनी दोर लावून त्याला बालीच्या उत्तरेकडच्या सिंगराजा बंदराकडे ओढत न्यायला सुरुवात केली. पण पाणी इतकं भरत होतं की बंदर गाठणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यांनी ते मुद्दामच तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. पुढची 21 वर्षं ते तिथे काठावरच पडून होतं. 1963 साली मागचा अगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि त्याच्या हादऱ्यांनी जहाज काठावरून घसरून पाण्यात गेलं.

हा इतिहास मी डायव्हच्या आधी सगळ्यांना सांगतो, कारण पाण्याखाली जे दिसतं त्याचा उलगडा यातच आहे. हे जहाज भर समुद्रात बुडालेलं नाही, काठावरून घरंगळलेलं आहे. म्हणूनच ते किनाऱ्यापासून काही मिनिटं पोहण्याच्या अंतरावर सापडतं, होडी लागत नाही. म्हणूनच ते किनाऱ्याला समांतर, उजव्या कुशीवर पडलं आहे. आणि ज्या उतारावरून ते घसरलं तो उतार अजून त्याच्याखाली आहे. किनाऱ्याकडचा सर्वांत वरचा भाग साधारण 5 मीटरवर, समुद्राकडच्या बाजूची काळी वाळू 30 मीटरच्या आसपास. एकाच जहाजाचं एक टोक शाळकरी मुलाला श्वास रोखून हात लावता येईल इतकं वर आणि दुसरं टोक तुमच्या लायसन्सच्या मर्यादेपलीकडे. ओपन वॉटरवाल्यांची मर्यादा 18 मीटर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आता उथळपणाचा फायदा काय ते आकड्यांत बघू. तुम्हाला मिळेल ती अ‍ॅल्युमिनियमची टाकी साधारण 11 लिटरची, 200 बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरलेली. त्यातले 50 बार परत घेऊन यायचे म्हणजे वापरायला 150, म्हणजे अंदाजे 1,650 लिटर हवा. नवा डायव्हर पृष्ठभागावरच्या मापाने मिनिटाला सहज 20 ते 25 लिटर ओढतो. 15 मीटरवर दाब अडीचपट, म्हणून तिथे 50 ते 60 लिटर. गणित करा, अर्धा तास मिळतो. हाच माणूस 28 मीटरवर गेला तर दाब पावणेचारपट होतो आणि तीच हवा जेमतेम वीस मिनिटं पुरते. दाबाखाली रक्तात विरघळणाऱ्या नायट्रोजनचंही तसंच: पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात पहिल्या डायव्हला 18 मीटरवर 56 मिनिटांची मुभा आहे, 30 मीटरवर फक्त 20. शिवाय वर उजेड भरपूर असतो आणि रंग जिवंत दिसतात. खाली लाल रंग आधी मरतो, मग सगळं निळं-करडं होत जातं. थोडक्यात, लिबर्टीचा वरचा अर्धा भाग बघण्यात तुमचं काहीही कमी पडत नाही. मला स्वतःला विचाराल तर उरलेल्या आयुष्यात या जहाजाचा एकच थर बघायला मिळणार असेल तर मी 6 ते 14 मीटरचा मागेन.

तोटा मात्र कोर्सच्या पुस्तकात वाचलेला असूनही लोकांच्या अंगात उतरलेला नसतो. तरंगण्यासाठी हवा भरायच्या तुमच्या जॅकेटातली आणि वेटसूटमधली हवा उथळ पाण्यात सर्वांत जास्त फुगते. 30 मीटरवरून 20 वर आलात तर ती सव्वापटीहून थोडी जास्त होते. 10 वरून पृष्ठभागावर आलात तर दुप्पट. म्हणजे खोल पाण्यात एक मीटर वर-खाली झालेलं चालून जातं, पण 5 मीटरवर तेवढ्यानेच माणूस बुचासारखा वर जाऊ लागतो. त्यात आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे टाकीतल्या हवेचं वजन. 150 बार हवा ओढून संपली की तुम्ही जवळजवळ 2 किलोंनी हलके झालेले असता. आणि हे नेमकं कुठे लक्षात येतं? डायव्हच्या शेवटी, जहाजाच्या सर्वांत उथळ भागावर, वर येण्याआधी सुरक्षेसाठी घ्यायच्या 5 मीटरच्या थांब्याला. पहिल्यांदा आलेला माणूस तिथे तरंगू लागतो आणि घाबरून हाताला येईल ते धरतो. हाताला येतं ते गंजलेलं पोलाद, त्यावर दंश करणारे हायड्रॉइड आणि कधीकधी दगडासारखा निश्चल बसलेला स्कॉर्पियनफिश.

म्हणून कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनाची चाचणी पूर्ण भरलेल्या टाकीवर करून समाधान मानू नका. गाईडला सांगा, "शेवटी 50 बार असताना 5 मीटरवर मला स्थिर राहता आलं पाहिजे, त्या हिशेबाने शिसं द्या." एवढं वाक्य ऐकलं की चांगला गाईड तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

कानांचंही इथेच जपायचं. दाबाचा सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच असतो. जहाजाचा वरचा काठ, मग एखादी फट, मग पुन्हा काठ, असं माशांमागे वर-खाली करत राहिलात तर अर्ध्या तासात कान दहा वेळा दाबले-सोडले जातात. एक खोली धरा आणि त्याच खोलीवरून जहाजाच्या कडेने जा. परत येताना तीन-चार मीटर वरून या. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. गोळी घेऊन तर मुळीच नाही.

बुडालेल्या जहाजाची भीती सगळ्यांना वाटते. मी मात्र तुम्हाला आधी किनाऱ्याची काळजी करायला सांगेन. तुलांबेनला वाळूचा किनारा नाही. ज्वालामुखीचे काळे, गुळगुळीत गोटे आहेत, मुठीएवढ्यापासून नारळाएवढे. लाट आली की ते एकमेकांवर घरंगळतात आणि खळखळ आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कुणीतरी हौदात सुपाऱ्या ओतत असल्यासारखं वाटतं. त्यावरून 20 किलोंहून अधिक वजन पाठीवर घेऊन चालायचं.

आपली टाकी काठापर्यंत आपल्याला न्यावी लागत नाही. गावातल्या बायका हमालीचं काम करतात. त्यांतली एक, माझ्या आईच्या वयाची, रोज पहाटे भेटायची. डोक्यावर कापडाची चुंबळ, अगदी आपल्याकडे पाण्याला जाणाऱ्या बायका करतात तशी, त्यावर टाकी आडवी, कधी एकावर दुसरी. पायात साधी चप्पल. गोट्यांवरून ती चालायची तेव्हा तिची नजर खाली नसायची, समोर समुद्रावर असायची, आणि पाऊल आधी चाचपून मग भार टाकायची. दोन महिने बघितल्यावर मी माझ्या पाहुण्यांना हेच शिकवायला लागलो. पाऊल टाका, गोटा हलतो का बघा, मग वजन द्या. तिच्या कामाचे पैसे आणि वर थोडे आपुलकीचे, दोन्ही द्या.

पाण्यात शिरताना मास्क चेहऱ्यावर, रेग्युलेटर (श्वास घ्यायचं साधन) तोंडात, जॅकेटात थोडी हवा आणि फिन्स (पायात घालायचे पंख) हातात. फिन्स घालून गोट्यांवर चालू नका. लाटा गटागटाने येतात. दोन-तीन मिनिटं उभं राहून बघा, मोठ्या गेल्या की शांत पट्टा येतो, तेव्हा जोडीदाराचा हात धरून न थांबता छातीभर पाण्यापर्यंत जा. तिथे एकमेकांना धरून फिन्स चढवा. गुडघाभर पाण्यात थांबणं सर्वांत वाईट, लाट तिथेच फुटते. बाहेर येताना उलट क्रम. पडलात तर उठायची धडपड करू नका. रेग्युलेटर तोंडातच ठेवून हाता-गुडघ्यांवर रांगत वर या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मी वादळी दिवशी तसाच बाहेर आलो आहे. माझ्या एका पाहुण्याचा घोटा मुरगळला, तो डायव्ह उत्तम करून आल्यावर, शेवटच्या चार पावलांत. मास्क काढून फोटोसाठी मागे वळला आणि पाठीमागून लाट आली. उघड्या टाचेच्या फिन्स आणि जाड तळाचे बूट मागून घ्या. पायमोज्यासारख्या फिन्स इथे कामाच्या नाहीत.

तुमचा कोर्स होऊन आठ महिने झाले असतील, म्हणून पहिली डायव्ह जहाजावर करू नका. त्याच किनाऱ्याला लागून कोरल गार्डन नावाची उथळ जागा आहे. आदल्या दुपारी तिथे उतरा. मास्कमध्ये पाणी घेऊन काढा, रेग्युलेटर सोडून परत शोधा, जोडीदाराची पर्यायी हवा घेऊन बघा आणि 5 मीटरवर तीन मिनिटं काहीही न धरता थांबा. हे शेवटचं जमलं तर दुसऱ्या दिवशी जहाज. नाही जमलं तर गाईडला सांगून आणखी एकदा कोरल गार्डन. तेही काही कमी सुंदर नाही.

राहायला तुलांबेनलाच या, निदान दोन रात्री. दक्षिण बालीतून एका दिवसाची सहल करणाऱ्यांच्या गाड्या नऊ-दहाला पोहोचतात आणि मग दुपारपर्यंत जहाजाभोवती बाजार भरतो. ऑगस्ट तर ऐन हंगाम. मुक्कामाला असलात तर पहाटे सहाच्या सुमाराला उतरता येतं, आणि ही पहाट चुकवू नये.

रात्री जहाजाच्या पोटात बंपहेड जातीचे पोपटमासे झोपतात. कपाळावर टेंगूळ असलेले, मोठा मासा मीटरभराहून लांब. दिवसभर ते बाहेर प्रवाळ चावत फिरतात. वरून उजेड पाझरायला लागला की ते एकेक करून बाहेर पडतात. एकदा मी मोडलेल्या पत्र्याशेजारी 12 मीटरवर थांबलो होतो. टॉर्च बंद केलेला. आधी अंधारात एक हिरवट-करडी भिंत हलल्यासारखी वाटली. मग तीन-चार हातांवरून पहिला मासा गेला आणि त्याचे दात दिसले, चोचीसारखे जुळलेले, खडूच्या रंगाचे. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. मी तेवीसपर्यंत मोजले. शेवटच्याच्या शेपटीजवळ एक खवला सुटून हलत होता. ते निघून गेल्यावर वाळूचा ढग हळूहळू खाली बसताना दिसला. प्रवाळ खाऊन वाळू टाकणारे हे मासे, त्या ढगातली काही वाळू त्यांचीच.

याच माशांमुळे एकदा माझ्याकडून चूक झाली, ती सांगतो. माझा पहिलाच हंगाम होता. सोबत दहा-बारा डायव्ह झालेला एक पाहुणा. मासे उताराच्या दिशेने निघाले, तो त्यांच्यामागे आणि मी त्यांचा फोटो घेण्यात. मान वर केली तेव्हा तो माझ्या खाली होता. गाठलं तेव्हा त्याच्या मनगटावरच्या, खोली दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर 25 मीटर. त्याला काही झालं नाही, पण त्याला स्वतःला खोलीचा पत्ताच नव्हता, आणि ते साहजिक होतं. पाणी स्वच्छ, डोळ्यांसमोर सतत तेच पोलाद, क्षितिज नाही. जहाज तिरकं, तळ तिरका, मग खाली जातोय हे शरीराला कळणार कसं? त्या दिवसापासून मी दर काही मिनिटांनी प्रत्येकाला खोली आणि हवा बोटांनी दाखवायला लावतो आणि कॅमेरा पहिल्या डायव्हला वर ठेवून येतो. तुम्हीही कॉम्प्युटरला 16 मीटरचा गजर लावा. जहाज तुमच्या उजव्या हाताला असेल तर परतताना डाव्या हाताला राहील; उतार चढला की किनारा. दिशा चुकायला इथे फारसा वाव नाही, खोली चुकायला भरपूर आहे.

हवेसाठी माझा साधा हिशेब: 100 बारला परत फिरा, 70 च्या आसपास 5 मीटरवर या, तीन मिनिटं थांबा आणि 50 घेऊन काठावर. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त नको. थांब्याच्या वेळी आजूबाजूला बघण्यासारखं इतकं असतं की तीन मिनिटं कमीच वाटतात. एखाद्या सकाळी ट्रेवली माशांचा थवा गोल फिरत असतो, चांदीच्या भिंतीसारखा. काळ्या वाळूतून गार्डन ईल नावाचे सापासारखे मासे गवतासारखे डुलत असतात. दोन हात पुढे सरकलात की सगळं गवत जमिनीत जातं.

आता अडकण्याबद्दल. डोक्यावर छप्पर आलं, सरळ वर जाता येत नाही, की ती वेगळी विद्या झाली. तुमच्या कोर्सने ती शिकवलेली नाही. बंद जहाजात पंखाच्या एका फटक्याने गाळ उठतो आणि हात दिसेनासा होतो, बुडबुड्यांनी छताचा गंज सुटून खाली येतो, वायरीत नळी अडकते. पाडीच्या खास रेक, म्हणजे बुडालेल्या जहाजांच्या कोर्समध्येसुद्धा आत जायची मर्यादा आहे: दाराचा उजेड दिसत राहिला पाहिजे, आणि खोली व आतलं अंतर मिळून 40 मीटरच्या पुढे जायचं नाही. लिबर्टीची गोष्ट या मानाने सौम्य आहे. टॉर्पेडो, एकवीस वर्षांचा किनारा, ज्वालामुखी आणि नंतरच्या लाटा यांनी ते इतकं मोडलं आहे की बऱ्याच ठिकाणी खोली उरलेली नाही, कमानी उरल्या आहेत. तुम्ही ज्या फोटोंत डायव्हर जहाजातून जाताना पाहिले असतील ते बहुतेक अशा कमानींतून जाताहेत.

तरी माझं मत ठाम आहे: पहिल्या डायव्हला कमानीतूनही जाऊ नका. बाहेरून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या डायव्हला, स्थिर राहणं जमत असेल आणि गाईड पुढे असेल तर जायला हरकत नाही, पण शिरण्याआधी पलीकडचा निळा उजेड पूर्ण दिसला पाहिजे आणि दोन माणसं शेजारी-शेजारी मावतील इतकी जागा हवी. लाटेचा दिवस असेल तर तेही नाही. उथळ जहाजात पाणी पुढे-मागे झुलतं, तुम्ही झुलता आणि पोलाद झुलत नाही. अशा वेळी मी पाहुण्यांचं डोकं धारदार पत्र्यापासून हाताने वाचवलं आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली तेवढं निघण्यापूर्वी बघा. गाईडने आत चला अशी खूण केली आणि तुमचं मन होत नसेल, तर आडवा हात हलवून नाही म्हणा. तो तुमचा हक्क आहे आणि चांगला गाईड त्यावर एक शब्द बोलणार नाही. नवरा-बायकोंत एकाला जायचं असेल आणि दुसऱ्याला नसेल तर दोघांनीही जाऊ नये. जोडी फुटू देऊ नका.

आणि आत जाण्याचं दुसरं नुकसान जहाजाचं. 1963 पासून साठहून जास्त वर्षांत त्या पत्र्यांवर प्रवाळ, स्पंज आणि पंख्यासारखे पसरणारे सी फॅन वाढले आहेत, छतालाही लोंबले आहेत. अनुभव नसलेल्याच्या फिन्स आणि टाकीचा माथा सगळ्यात आधी यांनाच लागतो. एक सी फॅन हातभर व्हायला वर्षानुवर्षं जातात, मोडायला एक फटका. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या किनाऱ्याचं पोट याच जहाजावर चालतं.

खाली 25-30 मीटरवर सी फॅनवर करंगळीच्या नखाएवढे पिग्मी सी हॉर्स असतात. त्यांच्यासाठी खाली चला असं कुणी म्हणालं तर या खेपेला नको. अ‍ॅडव्हान्स्ड केल्यावर या. तुमच्या त्या दुसऱ्या मित्राचा सल्ला या भागापुरता बरोबर आहे.

मुलाचं काय? त्याला बाहेर बसवू नका. वरचा काठ इतका उथळ आहे की लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केल केलं तरी स्वच्छ दिवशी जहाजाचा आकार खाली दिसतो, आणि खालून आई-बाबांचे बुडबुडे वर येताना दिसतात. त्याच्यासोबत एक मोठं माणूस हवं, आणि लाटांमधून आत-बाहेर करताना त्याचा हात सोडायचा नाही. पोहण्यात तरबेज असेल आणि मनापासून वाटत असेल तर इन्स्ट्रक्टरबरोबर ट्राय डायव्हही करता येते, ती 12 मीटरपर्यंतच. पण तीही आधी कोरल गार्डनला.

गाईड ठरवताना दरापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे: एका गाईडमागे किती माणसं, आणि सगळ्यांच्या डायव्ह साधारण सारख्या झालेल्या आहेत का. तुमच्यासाठी एका गाईडमागे दोघंच असावेत. तिसरा कुणी शंभर डायव्हवाला असेल तर तो खाली जायला बघणार आणि गाईड दोन्हीकडे ओढला जाणार. आरोग्याचा फॉर्म खरा भरा. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांतलं काही असेल तर इथूनच डॉक्टरांचं पत्र घेऊन जा. डायव्हिंगचा वेगळा विमा काढा, साध्या प्रवासविम्यात तो बहुधा नसतो. दाबाच्या आजारावर उपचार करणारी चेंबर देनपसारला आहे आणि तुलांबेनहून तिथे गाडीने अडीच-तीन तास लागतात. पाणी ऑगस्टमध्ये जरा गार असतं, खालच्या थरात आणखी. 3 मिलिमीटरचा पूर्ण सूट घ्या, तोकडा नको.

शेवटचं म्हणजे तुमच्या सहलीचा क्रम. बालीला येणारे बरेच जण सकाळी तुलांबेन आणि दुपारी किंतामणी असं बसवतात, कारण नकाशावर ते जवळ दिसतं. किंतामणी सुमारे 1,500 मीटर उंचीवर आहे. डायव्ह करून लगेच डोंगर चढणं शरीराला विमानात बसण्यासारखंच आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला अजून वेळ हवा असतो आणि वर दाब कमी होतो. अनेक डायव्ह झाल्या असतील तर विमानापूर्वी किमान 18 तास थांबतात, तोच नियम त्या घाटाला लावा. म्हणजे तुमचं असं होईल: पहिल्या दुपारी कोरल गार्डन, दुसऱ्या पहाटे जहाज आणि जमलं तर सकाळी उशिरा पुन्हा एकदा. मग दुपारी समुद्रकाठच्या रस्त्याने अमेडला जा, मीठ पिकवतात ते बघा, मुलाला पोहू द्या. किंतामणी तिसऱ्या दिवशी दुपारनंतर.